एका हॉर्सपॉवरचं गाणं

मी बडबडी बाई आहे. हे माझं मत नाही. माझ्या सासूबाईंचं, दोन्ही मुलांचं आणि आजवरच्या पाचही मुख्याध्यापकांचं आहे. आणि अशा मला, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत, युसूफ वडगाव नावाच्या गावात घरमालक मिळाले ते कसे, तर दिवसातले चार-पाच तास ज्यांच्यासमोर शिंकायचीही चोरी. मोटारी भरणारे मिस्त्री होते ते. खाली त्यांचं दुकान, दुकानामागं त्यांची राहायची खोली, वर माझी खोली, आणि माझ्या खोलीच्या डोक्यावर पाण्याची एक काळी टाकी. त्या टाकीत मी असेपर्यंत पाण्याचा थेंब चढला नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या गाण्यांचा दुसरा अल्बम आला. इथं लातूरला आमच्या शाळेत नवीन लागलेल्या एका शिक्षकानं मला तो पाठवला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही बीड जिल्ह्यात होता ना? हे ऐका. सध्या सगळीकडं हेच चाललंय." मी फोटो उघडला. डोक्यावर जाळीची टोपी, नाकाच्या शेंड्यावर एका बाजूनं दोऱ्यानं बांधलेला चष्मा, मागं दुकानातली तीच लाकडी फळी. मी म्हटलं, "अहो, हे तर माझे घरमालक!" तो हसला. बाईंना कुठल्याही गोष्टीत स्वतःचं काहीतरी जोडायची सवय आहे, असं ते हसणं होतं.

मोटार भरणं म्हणजे काय, ते आधी सांगते. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार बसवायची. ती तार आधी लाकडी फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, गुंडाळावी लागते. एका हातानं हँडल फिरवायचं, दुसऱ्या हातानं तार ताणून धरायची आणि वेढे मोजायचे. कमी पडले तर मोटार करंट जास्त ओढते आणि महिन्याभरात परत जळते. जास्त झाले तर तिच्यात जोर राहत नाही. वेढे मोजायला हँडलजवळ एक काटा असतो. आमच्या घरमालकांच्या, म्हणजे चाचांच्या, यंत्रावरचा काटा कित्येक वर्षं एकाच आकड्यावर अडकलेला होता. दुसऱ्यांच्या घड्याळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं दुरुस्त करणाऱ्या माणसानं तो काटा मात्र कधी दुरुस्त केला नाही.

मोजणं सुरू असलं की दुकानाच्या चौकटीला लाल चिंधी लटकायची, सळया नेणाऱ्या ट्रकच्या मागं बांधतात तसली. चिंधी दिसली की बोलायचं नाही. मला हे कुठून ठाऊक असणार? पहिल्याच दिवशी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले आणि विचारलं, "चाचा, जिना कुठून आहे हो?" त्यांनी हँडल थांबवलं, माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं, आणि गुंडाळलेली सगळी तार उलटी सोडत नेली. सगळी सुटल्यावर म्हणाले, "बाई, चौतीस झालते."

मी म्हटलं, "मग चौतिसापासून पुढं मोजायचं."

"चौतीस झालते का पस्तीस, ते तुमी इचारलं तवा गेलं. जिना मागल्या बाजूनं हाय."

गावानं ही शिस्त अंगी बाणवली होती. नांदूरघाटाकडून, केजकडून शेतकरी जळक्या मोटारी टमटममध्ये घालून यायचे आणि चिंधी बघून आपापसातलं भांडणसुद्धा बाहेर थांबवायचे. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक मोठे पुढारी जीप घेऊन आले. मागं वीस-पंचवीस कार्यकर्ते, घोषणा चालू. कुणीतरी चिंधीकडं बोट केलं. पुढारी हात जोडून उभे राहिले आणि वेढे संपेपर्यंत तसेच उभे. एवढा वेळ गप्प राहिलेला पुढारी गावानं पहिल्यांदाच पाहिला. संपल्यावर चाचा म्हणाले, "हां, बोला आता." तर साहेब आपलं भाषणच विसरले.

मोटार उघडली की ते आधी वास घ्यायचे. नाक आत घालून, डोळे मिटून. कमी दाबानं जळाली का पाणी नसताना कोरडी चालली, हे त्यांना वासावर कळायचं. कोरडी चाललेली असली की मालकाची खैर नसायची. "कोरडी पळवली बे तू हिला! घरी जाऊन झोपलास आन् ही बिचारी वारा पीत बसली!" मालक मान खाली घालून उभा. वरून रंग कसा चकचकीत आहे, असं कुणी म्हटलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मोटार आन् मानूस, दोनी आतूनच जळतेत. वरचा रंग जात न्हाई."

आणि गाणी. मोजताना ते आकडे म्हणत नसत, गात असत. एका ओळीला हँडलचा एक फेरा. गाणं संपलं की वेढे भरले. प्रत्येक मोटारीचं गाणं वेगळं, कारण प्रत्येकीचे वेढे वेगळे. गाण्यांना नावं नव्हती, हॉर्सपॉवर होती. तीनाचं गाणं, पाचाचं गाणं, साडेसाताचं गाणं. मला वाटायचं की मोठ्या मोटारीचं गाणं मोठं असेल. तर ते उलटं निघालं. "मोठीला जाड तार, वेढे थोडे. बारकीला बारीक तार, वेढे लई," त्यांनी मला समजावलं. "मानसाचंबी तसंच हाय बाई. बारक्या मानसाला मोजायला येळ लागतो."

पाचाचं गाणं मला अजून पाठ आहे.

बाजाराच्या दिशी बाजार भरला,
मामू आमचा घोडं घिऊन फिरला,
घोड्याला कुनी इचारलं न्हाई,
मामूचाच भाव ठरला...

असं ते बेचाळीस ओळी चालायचं आणि मामू शेवटी पायी घरी यायचा. आवाज काही गोड नव्हता. तांब्याची तार ताणल्यावर येतो तसा, थोडा घासलेला. पण हँडलच्या कुरकुरीवर तो असा बसायचा की मी वर वह्या तपासताना लाल पेनानं ठेका धरायची. तीनाचं गाणं म्हणजे त्यांच्या बायकोच्या तक्रारींची यादी होती. चहा थंड झाला, पाठ धरली, तुमचे कपडे वार्निशनं कडक झाले, धुऊ का वाळूत पुरू. गल्लीतल्या बायका ऐकून हसायच्या, आणि मग एकदम गप्प व्हायच्या. कारण ती बाई मी यायच्या वर्षभर आधीच गेली होती.

एवढं मला माहीत होतं. पूर्वी वेढे ती मोजायची, हेही कुणीतरी सांगितलं होतं. ती गेल्यावर चाचांचं मोजणं चुकायला लागलं, भरून दिलेल्या मोटारी जळून परत यायला लागल्या, आणि मग त्यांनी गाणी बांधली, म्हणजे हात चुकला तरी यमक चुकणार नाही. मला ते ऐकून कौतुक वाटलं होतं. पण कौतुक वाटलं म्हणून माणूस कळतो असं थोडंच आहे.

कारण माझी मुख्य तक्रार पाण्याची होती. मिस्त्रीच्याच घरात मोटार बंद, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! हौदातून बादल्या भरून मी जिना चढायची. त्यांची घरची मोटार, एका हॉर्सपॉवरची, दुकानातल्या फळीवर उघडून ठेवलेली होती. शेजारी फर्म्यावर अर्धवट गुंडाळलेली तार, आणि तिच्यापुढं पितळेच्या दोन कटोऱ्या. एकीत थोडे चिंचोके, दुसरीत बरेच. मी विचारायची, "चाचा, ही मोटार कधी भरणार?" ते म्हणायचे, "भरू की." दुसऱ्या कुणाची एका हॉर्सपॉवरची मोटार आली तर तिला हातच लावायचे नाहीत, सरळ केजला पाठवायचे. "एकाचं गानं येत न्हाई मला," म्हणायचे. मला वाटायचं, आळस.

आता मी केलेली गोष्ट सांगते.

माझ्याकडं पहिलीचा वर्ग होता. त्या दिवशी दहाचे गट शिकवायचे होते. आमच्याकडं मोजायला शिकवायचं ते चिंचोक्यांवर, आणि शाळेतल्या डब्यातले चिंचोके पोरांनी भाजून खाल्ले होते. सकाळी जिना उतरले तर समोर फळीवर दोन कटोऱ्या भरलेल्या. दारात लाल चिंधी, चाचा पाचाच्या गाण्यात. मी तोवर शहाणी झाले होते, तोंड उघडलं नाही. कटोऱ्यांकडं बोट केलं, मग स्वतःकडं, आणि डोळ्यांनी विचारलं, घेऊ का? त्यांनी मान हलवली. मी दोन्ही कटोऱ्या पिशवीत रिकाम्या केल्या आणि निघाले. आज एकदाही न बोलता काम झालं, याचा मला वाटेत मोठा अभिमान वाटला.

गाताना त्यांची मान ठेक्यावर हलते, हे मी रोज बघत होते. बघूनही माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारी पिशवी घेऊन परत आले. चिंधी उतरलेली होती. ते फळीसमोर उभे होते, दोन्ही हातांत एकेक रिकामी कटोरी.

"बाई, ह्यातलं तुमी नेलं?"

"हो, तुम्हाला विचारलं होतं की सकाळी. हे घ्या. दोन-चार पोरांच्या खिशात गेले असतील."

त्यांनी पिशवीत बघितलं. मग हळूच विचारलं, "डाव्या कटोरीत किती व्हते?"

"ते नाही बाई मोजलं," मी म्हटलं.

कटोऱ्या फळीवर ठेवून ते आत गेले.

त्या शुक्रवारी नांदूरघाटाहून त्यांची लेक आली, तिनं मला जिन्यात गाठून सांगितलं. तिची आई दुकानाच्या आतल्या उंबऱ्यावर बसून वेढे मोजायची. दहा वेढे झाले की उजव्या कटोरीतला एक चिंचोका डावीत टाकायची. "अम्मी मोजती, अब्बा फिरवते. चाळीस साल असंच चाललं. काटा बंद पडला तर अब्बा म्हनले, काटा झोपतो, ही झोपत न्हाई." त्या दिवशी घरचीच मोटार भरायला घेतली होती. मोजता मोजता ती उठली, म्हणाली छातीत कसंतरी होतंय, आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यातून परत आली नाही. तार तशीच फर्म्यावर राहिली, कटोऱ्या तशाच फळीवर. ती तार उकलून नव्यानं सुरुवात करायला लेकीनं किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "उकललं तर तिनं मोजलेलं उकलतं."

आणि पोरांना मोजायला शिकवायचं म्हणून मी ते उचलून नेलं, आणि स्वतः मोजलं नाही.

मी त्याच पावली खाली गेले. चौकटीला चिंधी होती. यंत्रावरच्या फर्म्यावर तार नव्हती, हँडल थांबलेलं होतं, चाचा नुसते बसून होते, पण चिंधी होती. मी उभी राहिले आणि परत वर आले. दुसऱ्या दिवशीही चिंधी. तिसऱ्या दिवशीही. गिऱ्हाईकं येऊन बाहेरच मोटारी ठेवून जायची. एक आख्खा आठवडा मी दारापर्यंत वाक्य घेऊन गेले आणि तसंच परत आणलं. नवव्या की दहाव्या सकाळी दार उघडलं तर माझ्या दारात पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या. खालून हँडलची कुरकुर आणि साडेसाताचं गाणं ऐकू येत होतं. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत रोज सकाळी ते बादल्या वर आणून ठेवत. मी "कशाला चाचा" म्हणायची, ते "जड असतेत" म्हणायचे. ती गोष्ट आम्ही दोघांनी पुन्हा काढली नाही. जगात कुणाशीही कशावरही बोलू शकणारी मी, तेवढं एक वाक्य बोलू शकले नाही. गाव सोडलं तेव्हाही नाही, आणि त्यानंतर दर ईदला फोन केला तेव्हाही नाही.

पुढचं सगळं मला लेकीकडूनच कळत राहिलं. अंबाजोगाईचा एक मोबाईल दुरुस्तीवाला मोटार भरायला आला, चिंधी बघून गप्प उभा राहिला आणि गप्प उभं राहून कंटाळा आला म्हणून त्यानं फोनवर गाणं टिपलं. मग परत परत येत राहिला. पाच गाण्यांचा पहिला अल्बम त्यानं दुकानातच केला, हँडलच्या आवाजासकट. वर्षभर कुणी विचारलं नाही. मग ऊसतोडीला निघालेल्या एका ट्रकच्या केबिनमध्ये मामूचं घोडं वाजायला लागलं, आणि त्या ट्रकबरोबर ते कुठं कुठं गेलं. पुण्याच्या लोकांनी त्यावर लेख लिहिले. एका कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला. त्याचं म्हणणं, शेवटची ओळ दोनदा घेतली तर गाणं मनात बसेल. चाचा म्हणाले, "मनात बसंल, पन मोटारीत बसनार न्हाई. येक येढा वाढला की!" कंपनी आली तशी गेली. पेपरात त्यांना 'स्वतंत्र गायक' म्हटलं होतं. त्यांनी लेकीला अर्थ विचारला. ती म्हणाली, कंपनी नाही, मालक नाही. "मंग समदेच मिस्त्री स्वतंत्र हायेत," ते म्हणाले, "पेपरात माझंच कावून?"

अंबाजोगाईत त्यांचा कार्यक्रम झाला, त्याचा व्हिडिओ मी पाहिला. मोकळ्या हातांनी गाता येत नाही म्हणून स्टेजवर यंत्र, फर्मा, तार, सगळं मांडलेलं. मामूचं घोडं बाजारात गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी हँडल थांबवलं, सगळी तार उलटी सोडली आणि पहिल्यापासून सुरू केलं. परत टाळ्या, परत तार उलटी. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, आणखी टाळ्या पडल्या. शेवटी मोबाईलवाल्या पोरानं माईकला लाल चिंधी बांधली आणि हात जोडले. मला रडूही आलं आणि हसूही. ज्या मोटारीची तार ते गुंडाळत होते ती खरंच कुणाची तरी होती, दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

तर हा दुसरा अल्बम. नऊ गाणी. गेल्या रविवारी दुपारी भाजी निवडताना मी तो लावला. सातवं, आठवं झालं. नववं आलं, आणि नाव दिसलं, 'एकाचं गाणं'. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

ते गाणं मधूनच सुरू होतं. लोकांनी त्याबद्दल बरंच लिहिलंय, की गाण्याला सुरुवातच नाही, श्रोता एकदम गोष्टीच्या मध्यात पडतो, काय धाडसी कल्पना आहे वगैरे. पहिलीच ओळ अशी आहे:

आन् मग सतरा चिंचोके झाले गं,
अठराव्याला तू उठलीस गं,
चहा चुलीवर ऱ्हायला गं,
हँडल माझ्या हातात गं...

सतरा. म्हणजे एकशे सत्तर वेढे तिचे. मी गॅस बंद केला आणि बोटांवर ओळी मोजत गेले, पहिलीतल्या पोरासारखी. चाळीस भरल्या. एवढंच मोजायचं राहिलं होतं त्यांचं. गाणं संपलं, हँडल थांबलं, कुठंतरी बटण दाबल्याचा आवाज झाला, मोटार हुंकारली, आणि मग वरून, उंचावरून, रिकाम्या भांड्यात पाणी पडायला लागलं. एकदीड मिनिट तेच आहे. खाली लोकांनी लिहिलंय, शेवटचा पाऊस किती सुंदर.

तो पाऊस नाही. ती माझ्या खोलीवरची टाकी आहे.

मी फोन लावला. उचलला त्यांनीच.

"कोन? बाई हाव का? ऐकलं?"

"ऐकलं चाचा."

"शेवटपत्तोर?"

"शेवटपर्यंत. तुम्हाला... सतरा होते हे माहीत होतं?"

"दर जुम्म्याला मोजायचो की. पाठच व्हतं. ते काय कटोरीत ठिवलं म्हून ऱ्हातं व्हय?" मग म्हणाले, "आकडा व्हता बाई. पुढला येढा घ्यायला हात उचलत न्हवता. येवढंच व्हतं. आता चढलं पानी वर."

इतकी वर्षं तोंडात धरलेलं वाक्य आता बाहेर काढायचं होतं. मला ते शब्दन्शब्द पाठ होतं. पण मी नुसती फोन धरून बसले. पलीकडं मागं कुठंतरी खरंच पाणी पडत होतं.

"बोला की बाई," चाचा म्हणाले. "चिंधी कवाच काढलीय."